महापालकांच्या सभेच्या खुर्च्या

नांदेड,
ता. ११ जानेवारी २०३६

ती. कमलम्मा अक्कास,
धाकट्या मल्लिनाथचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायची सोय उरली नाही, म्हणून हे पत्र व्यंकट कंडक्टरच्या हाती देतो आहे. आपण बोलत असलो की फोन मध्येच खाकरतो, हे तूही ऐकलं आहेस.

शिवानीला नेऊन दोन महिने झाले. ती शिकवते त्या कॉलेजात महापालकांचं भाषण दाखवत होते. 'मी लहानपणी मांजरेचा पूर नुसत्या नजरेनं परतवला,' असं ते म्हणाले आणि आपली पोर हसली. शिकवणारी बाईच हसली म्हणून मुलंही हसली. तेव्हापासून ती संस्कार केंद्रात आहे. तिची आई रत्नम्मा जेवायलासुद्धा दाराकडे तोंड करून बसते.

काल समाधान खात्याचे साहेब घरी येऊन गेले. येत्या सतरा तारखेला लातूरला महापालकांची सभा आहे. मुलीला वळण लावल्याबद्दल बापानं मंचावरून आभार मानले, तर तिथंच तिला माझ्या हवाली करू म्हणाले. भाषण त्यांनीच लिहून दिलं आहे. त्यात 'कृतज्ञ' इतक्यांदा आहे की जीभ सोलून निघते. तरी पाठ करतो आहे.

सभेचा मांडव तुझ्या दुकानाचा आहे असं कळलं. अक्का, तुझा स्वभाव मी जाणतो. हात जोडतो, या खेपेला काही करू नकोस.

लोभ आहेच, तो सभा होईपर्यंत गप्प बसून दाखव.
तुझा,
मल्लू

---

लातूर,
ता. १४ जानेवारी

चि. मल्लूस,
अक्काचा आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. तू शाळेत कारकून होतास तवा साहेबाची नुसती सायकल दिसली तरी उभा राहायचास. रिटायर झालास, पण गुडघ्याची सवय गेली न्हाई.

मांडव माझाच हाय. हौसेनं कोण देतंय? हुकूम आला. चाकूरच्या सभेत लोकांनी खुर्च्या भिरकावल्या, तवापासून नवा कायदा. सगळ्या खुर्च्या आदल्या दिवशी एकमेकीला दोरीनं बांधायच्या आन् गाठीवर साहेब शिक्का मारणार. शिक्का तोडला तर सहा महिने. सभेत उभं राहिलं तर सहा महिने. मान वळवली तरी सहा महिने, नजर समोर पायजे. आमचा मुकादम ग्यानोबा विचारून राहिला की माणसं बी बांधायची का. मी म्हणलं, ती ट्रकनं बांधूनच येतेत.

एक सांगते, राग मानू नको. तुझ्या शेजारच्या पंचशीलाबाईच्या मालकानं नांदेडच्या सभेत असेच आभार मानले. रडून मानले. त्यांचा पोरगा अश्वजित आला का घरी? आभारानं ह्या लोकांचं पोट भरत न्हाई रे, भूक वाढते.

तरी तुला वचन देते, शिवानीच्या जिवाला धक्का लागंल असं काही करणार न्हाई. बाकी मी मांडववाली बाई. खुर्च्या मांडणं माझं काम, ते मी करीन. येताना मफलर आण, लई गारठा हाय.

भित्र्या भावावर बी माया करावी लागते, ती करते हाय.
तुझी,
अक्का

---

नांदेड,
ता. २० जानेवारी

ती. अक्कास,
मल्लिनाथचा शि. सा. न. वि. वि.

सभेनंतर मला तुला भेटू दिलं नाही, मोटारीत घालून थेट नांदेडला आणलं. तू मांडवामागं होतीस, म्हणून मंचावरून काय दिसलं ते सांगतो.

तुतारी वाजली, पडदा सरकला आणि समोर पाठी! हजारो पाठी. टकलं, वेण्या, पटके, स्वेटर. सगळ्या खुर्च्यांची तोंडं पलीकडच्या बाभळीखाली बांधलेल्या एका म्हशीकडे. महापालकांनी आयुष्यात कुणाची पाठ पाहिली नसावी. आपणच चुकीच्या बाजूनं आलो की काय, म्हणून ते मागं वळून पडदा चाचपायला लागले. अधिकारी ओरडले, वळा. पण मान वळवली तर सहा महिने, उठलं तर सहा महिने, शिक्का तोडला तर सहा महिने. लोक बिचारे कायद्याला धरून बसले. भाषण सुरू झालं. महापालकांच्या वाक्याला कुणी हाललं नाही, म्हशीनं शेपूट उडवली की टाळ्या पडायच्या.

मग माझं नाव पुकारलं. शिवानी दोन पोलिसांच्या मध्ये उभी होती, वाळून काडी झालेली. मी माइकपाशी गेलो. अक्का, जन्मभर मला लोकांच्या तोंडांचं भय वाटत आलं. तिथं एकही तोंड नव्हतं. पाठ केलेलं सगळं घशापर्यंत आलं आणि परत खाली गेलं. मी म्हणालो, माझ्या मुलीनं काही गुन्हा केला नाही, हसण्यासारखं होतं म्हणून ती हसली, मी आभार मानणार नाही. तेवढ्यात माइक बंद पडला. पण त्या पाठी हलल्या. टाळ्या थांबता थांबेनात, आणि म्हैस तेव्हा निवांत रवंथ करत होती.

आता दोघंही आत, असं धरून चाललो होतो. पण त्यांनी शिवानीला माझ्यासोबत घरी आणून सोडलं. का, ते कळत नाही. पोर आली, पण दिवसभर भिंतीला टेकून बसते. कुणी दार वाजवलं की उठून उभी राहते आणि आपलं नाव सांगते.

तू वचन मोडलंस म्हणून रागावलो आहे. राग संपला की कळवीन, तोवर लोभ चालू ठेव.
तुझा,
मल्लू

---

लातूर,
ता. ४ फेब्रुवारी

चि. मल्लूस,
अक्काचा आशीर्वाद. वि. वि.

वचन मोडलं न्हाई. सभेच्या आदल्या दुपारी दुसऱ्या दिवशीच्या सरकारी पेपराचे गठ्ठे माझ्याच मांडवात उतरले. पहिल्या पानावर छापून आलेलं, शिवानी वळणावर आली आन् घरी परतली. सरकारची बातमी खोटी पाडायची छाती कुणाची हाय? तू मंचावर गाणं म्हणला असतास तरी पोरगी घरी जाणार होती. ते वाचलं आन् मगच ग्यानोबाला म्हणलं, ओळी फिरव. गाठी तपासायला साहेब आला. त्याला गाठी बघायचा हुकूम होता, खुर्चीचं तोंड बघायचा न्हवता. शिक्के मारून, चहा पिऊन गेला.

म्होरची गंमत ऐक. महापालक चुकत न्हाईत, मग त्यांची सभा कशी चुकंल? फर्मान निघालं की लातूरकरांनी 'पाठनिष्ठा' दाखवली. ज्याच्यावर पुरा भरवसा, त्याच्याकडंच माणूस पाठ करतो म्हणे. आता समद्या राज्यात असंच बसायचं. मला शाल आन् नारळ मिळाला. नारळ नासका निघाला.

पण ह्यांना कुणीतरी धरायला पायजेच. ग्यानोबाला उचललं. मी ती शाल घेऊनच ठाण्यात गेले. म्हणलं, ओळी मी फिरवल्या, मला धरा. साहेब म्हणाला की गुन्हाच झाला न्हाई. मग ग्यानोबा का आत, म्हणून विचारलं, तर म्हणाला, कोण ग्यानोबा?

तवा मी दुकानातली खुर्ची आणून ठाण्याच्या दारात टाकली आन् त्यांच्याकडं पाठ करून बसले. हटवतील कसे? पाठ करणं म्हणजे निष्ठा! दुसऱ्या दिवशी ग्यानोबाची बायको सिंधू येऊन बसली. मग गंजगोलाईच्या बाजारातल्या बाया आल्या, त्यांच्या मागून त्यांचे मालक. आठवडा सरेस्तोवर रस्ता भरला. पोलीस दारातून आमच्या पाठी मोजायचे आन् आत जायचे.

परवा ग्यानोबाला मागच्या दारानं सोडलं. आल्या आल्या मलाच रागावला, उन्हात ठेवून खुर्च्या तडकवल्या म्हणून. सगळे हसले. मग मी त्याला पाण्याचा तांब्या दिला, तर तो हातातून पडला. मल्लू, त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत न्हाईत. इतक्या वर्षांत त्यानं मारलेली गाठ कधी सुटली न्हाई, आन् आता त्याला गाठच मारता येत न्हाई. ओळी फिरव म्हणणारी मी, आन् हात त्याचा गेला. मी गंमत गंमत म्हणून लिहून राहिले, पण ते बघितल्यापासून घास उतरत न्हाई.

शिवानीला माझा मुका. तिला बोल म्हणून पाठी लागू नका, बोलंल.
माया कमी पडली तर ये, लातूर लांब न्हाई.
तुझी,
अक्का

---

नांदेड,
ता. ९ फेब्रुवारी

ती. अक्कास,
मल्लिनाथचा शि. सा. न. वि. वि.

राग संपला.

तुझं पत्र शिवानीनं वाचलं. ग्यानोबाच्या हाताचं तिनं दोनदा वाचलं. मग आपणहून उठली, शेजारी गेली आणि पंचशीलाबाईंना म्हणाली की अश्वजित जिवंत आहे, तिच्या पलीकडच्याच खोलीत होता, भिंतीवर बोटांनी हलगी वाजवायचा. मग आत असलेल्या बाकीच्यांची नावं सांगत गेली. संध्याकाळपर्यंत आमचं अंगण त्यांच्या आईबापांनी भरलं. रत्नम्मानं चहाला साखर पुरवली नाही म्हणून मी चिडलो, तर ती म्हणाली, आधी बसायला काय द्यायचं ते बघा.

तेच तुला लिहितो आहे. संस्कार केंद्रासमोरचा रस्ता रुंद आहे, सकाळी सावलीही असते. ग्यानोबाला विचारून सांग, ट्रकमध्ये किती खुर्च्या मावतील आणि त्या कधी निघतील. तडकलेल्या असल्या तरी चालतील.

मला भीती वाटतेच आहे, अक्का. पण काल पंचशीलाबाईंनी अंगणात विचारलं की पहिली खुर्ची कोण टाकणार. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सगळ्यांची तोंडं माझ्या समोर होती. मी म्हणालो, मी.

तुझ्या मायेवर विसंबून,
मल्लिनाथ