दुसऱ्यांच्या नावांची भांडी

सोमवार, ७ एप्रिल १९५८. कोयना.

मेलो! चाकणहून बरकतचाचांचं कार्ड आलं. "सयाजी, कांदा यायला लागला. वखार रिकामी पाहिजे. शुक्रवारपर्यंत सामान ने, नाहीतर अंगणात काढून ठेवतो." आठ दिवसांसाठी म्हणून ठेवलं होतं. दोन वर्षं झाली.

आई गेली तेव्हा चाकणची खोली एका दुपारी रिकामी केली. सगळं गोण्यांत कोंबलं, तोंडं शिवली, चाचांच्या वखारीत टाकलं आणि इकडं धरणाच्या कामावर पळालो. आत काय आहे ते बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांना सांगतो, वेळ नव्हता. वेळ होता. बघवलं नसतं, एवढंच.

आणि इथं काय सांगून बसलोय? रंगराव मुकादम आपली पोरगी मला द्यायची म्हणतात. त्यांनी विचारलं, "घरात काय हाय रं तुझ्या?" मी छाती काढून म्हणालो, "घरभर भांडी आहेत मामा, चाकणला. सगळी तांब्या-पितळेची!" ते म्हणाले, "मग आण की. खोली मिळालीया न्हवं? मांड. रविवारी बघाय येतो. उघड्या भिंतीला पोरगी द्यायची न्हाई मला."

गोण्या पाच होत्या, एवढं पक्कं आठवतं. पाच गोण्या म्हणजे घरभरच की!

८ एप्रिल

रजा मिळाली. हनीफचा ट्रक मशीनचे सुटे भाग आणायला पुण्याला चाललाय. चाकणपर्यंत येतो म्हणाला, पण वर ऐकवलंच — "माझ्या टायमावर चालायचं भावा. उशीर केलास तर तुझ्या भांड्यांत बसून तू मागून ये."

९ एप्रिल. पुणे.

लढाईच्या वेळचा लष्करी ट्रक. माझ्या बाजूला दारच नाही, दोरी आहे. खंबाटकीचा घाट दोरी धरून चढलो. एकदा खाली उतरून ट्रक ढकलला पण. धुळीनं असा पांढरा झालो की पुण्यात चहाच्या दुकानात एका म्हातारीनं "बसा बाबा" म्हणून जागा दिली!

वाटेत हनीफला भांड्यांची यादी सांगितली. हंडे सांगितले, घागरी सांगितल्या, घंगाळ सांगितलं. घंगाळ आमच्या घरात कधीच नव्हतं. तोंडात आलं, सांगून टाकलं. तो म्हणाला, "एवढं आहे तर धरणावर दगडं कशाला फोडतोस? दुकान टाक!"

१० एप्रिल. चाकण.

काय दिवस गेला! नीट लिहितो.

चाचांनी पाची गोण्या ओट्यावर काढून ठेवल्या होत्या. माझी शिवण तशीच, वेडीवाकडी. मी विचारलं, "कधी उघडल्या नाहीत?" चाचा म्हणाले, "ठेव आहे बेटा. दुसऱ्याच्या गोणीचं तोंड मी कशाला उघडू?"

मी उघडलं. वर मोठं तपेलं. हनीफ म्हणाला, "वा!" मी रुबाबात फिरवून दाखवलं. काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं. माझी शाळा तिसरीपर्यंत, एकेक अक्षर लावावं लागतं. लावलं. सावित्रीबाई. आमच्यात कोणी सावित्रीबाई नाही. दुसरं काढलं — उद्धवराव. तिसरं — सोपानराव. परात — यशवंतराव. मी काढत गेलो, आणि निम्मं चाकण ओट्यावर येऊन बसलं!

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आई लग्नाकार्याचा स्वयंपाक करायची. मोठी भांडी आळीतनं घरोघरी मागून आणायची, आणि कार्य उरकलं की नावं वाचून परत करायची. शेवटचं लग्न झालं, दुसऱ्याच दिवशी ती पडली. भांडी घरातच राहिली. आणि तिच्या शहाण्या लेकानं ती गोणीत शिवून टाकली. सत्तावीस नग. त्यातले तेवीस लोकांचे!

हनीफ हळूच म्हणाला, "घाल गाडीत. कोयनेला कोण वाचणार? तुझा सासरा तर अंगठा लावतो."

खोटं कशाला लिहू. मी सहा भांडी गाडीत घातली पण. सातवं उचललं आणि मागून आवाज — "सयाज्या! माझं तपेलं!"

शेजारच्या सावित्रीकाकू. वाटलं, आता शिव्या. तर त्या तपेलं पोटाशी धरून खालीच बसल्या. म्हणाल्या, "तुझ्या आईला न्हाई न्हाई ते बोलले रं. दुर्गी भांडी इकून गेली म्हनलं. मेल्याली बाई, तिला चोर म्हनलं आमी!"

दोन वर्षं आळी माझ्या आईला चोर म्हणत होती. आणि चोर कोयनेत बसून घंगाळाच्या बाता मारत होता.

सहाच्या सहा खाली उतरवली. मग घरोघर. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणायची आई, म्हणून प्रत्येकात दोन-दोन कांदे टाकले. कांदे पण चाचांचेच! दर दारात मोठ्यानं सांगितलं, "आईनं नव्हती नेली. मी गाढवानं शिवून ठेवली." आठव्या दारापर्यंत गाढवपणा एकदम पाठ झाला होता. उद्धवराव म्हणाले, "ते आमाला लहानपनापासनं ठावं हाय."

एक परात राहिली. यशवंतराव देहूरोडला राहायला गेलेत, लष्कराच्या डेपोत काम लागलं म्हणून.

११ एप्रिल

हनीफनं गाडी देहूरोडकडं वळवली. वाटभर शिव्या देत होता, पण वळवली ना. यशवंतरावांची बायको परात बघून पहिल्यांदा हसली, मग रडली, मग आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. त्याच परातीत पीठ मळून. हनीफ चार भाकऱ्या खाऊन म्हणाला, "अजून कोणाचं काही आहे का रे, द्यायचं?"

आमचं आता एवढं आहे — एक पत्र्याची पेटी, आणि भांडी म्हणजे तवा, दोन झाकण्या, पितळी हंडा. हंड्यावर पण नाव! म्हटलं, आता हे कोणाचं? गाडीत हिंदकळत एकेक अक्षर लावलं.

"चि. सौ. कां.                हीस, सासू दुर्गाबाईकडून. सन १९५६."

मध्ये चार बोटं कोरं. नाव घालणाऱ्याकडून मुद्दाम सोडून घेतलेलं. हनीफला दोनदा वाचून दाखवलं. घाटात हंडा मांडीवर घेतला, दोरी एका हातानं धरली.

१३ एप्रिल. रविवार.

रंगरावमामा आले. मी चार नग मांडले होते — लांब लांब, म्हणजे जास्त दिसतील. मामा खोलीभर फिरले. फिरायला जागा भरपूर.

"घरभर भांडी कुठं हायेत?"

मी सगळं सांगितलं. घंगाळसुद्धा. त्यांनी हंड्यावरनं बोट फिरवलं. "हितं काय लिवलंय?"

वाचून दाखवलं. कोऱ्या जागेवर थांबलो, तिथं काय वाचणार?

मामा खाली वाकले. मग हंडा खांद्यावर टाकला. "ह्यो मी नेतो." आणि गेले. हो-नाही काही नाही!

१४ एप्रिल

लग्न तर गेलंच, हंडा पण गेला. आता घरभर दोन झाकण्या आणि तवा. पाणी पेटीत भरू का?

१७ एप्रिल

मामा कामावर दिसले. मी बघितलं, त्यांनी वर आभाळाकडं बघितलं. हनीफ म्हणतो, दंड समज. असेल. पण आईचा हंडा होता. वेडा, तिथंच हात धरायला पाहिजे होता.

२० एप्रिल. रविवार.

शिफ्टवरून आलो तर हंडा दारात. रिकामा नाही — आत तांदूळ, वर दोन कांदे. शेजारी म्हणाले, मामा पाटणहून आले आणि ठेवून गेले. कोऱ्या जागेत नवे ठिपके, अजून चकाकतायत. उंबऱ्यात बसून अक्षरं लावली. हौ. सा. हौसा. एवढी सोयरीक जुळवायला निघालो, आणि पोरीचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं!