बंबाच्या पुस्तकातलं पाणमांजर

ती. सुरेखाताईस,

रुचिरचा चोआ चू कांगच्या बाराव्या मजल्यावरून वाकून नमस्कार. तुझा गुडघा आणि भाऊजींची साखर, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. (नसतील तर एवढ्यात कळवू नकोस, इथे आधीच पुरे झालंय.) फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर उत्कर्षा शेजारी असते आणि सध्या माझी बायको माझ्याशी फक्त कपडे वाळत घालण्यापुरतं बोलते.

जाईला डिस्लेक्सिया आहे हे तुला माहीतच आहे. डोकं तल्लख, पण आठ वर्षांची झाली तरी वाचायला बसली की अक्षरं तिला जुमानत नाहीत. म्हणून दर शनिवारी जुरॉंग ईस्टला एमआरटीची गाडी बदलून मी तिला बुओना व्हिस्टाला मिस कोहकडे वाचनाच्या शिकवणीला नेतो. ह्या बाई म्हणजे शांतपणाचा कहर. तासभरात करतात काय? ताटात वाळू पसरतात आणि पोरीला बोटाने एकच अक्षर दहादा काढायला लावतात. मग शब्दातला एकेक आवाज सुटा करायचा आणि दंडावर टिचक्या मारायच्या. तुआसच्या यार्डात तेवढ्या वेळात मी जहाजाचा पंप खोलून, साफ करून परत बसवतो. (इथे सहा महिन्यांत अडीच पुस्तकं. तीही सोळा पानांची.) त्यात जाईच्या गटातली बाकीची मुलं सहा वर्षांची. त्यांच्यात ती गुडघे पोटाशी घेऊन बसते, ते मला बघवेना.

महिनाअखेरीस चाचणी होती. गटात चालू असलेलं पाणमांजराचं पुस्तक नीट वाचलं की वरचा गट. म्हटलं, आपल्या घरात एवढ्यावर अडावं? श्लोक काय, तीसपर्यंत पाढे काय, दिवेलागणीला बसून आपण सगळं पाठच तर केलं! मग त्या पुस्तकातलं एकेक वाक्य मी म्हणायचं, जाईने मागून म्हणायचं. आठवड्यात घडाघडा! बोट कधी सरकवायचं, पान कधी उलटायचं, एका शब्दापाशी मुद्दाम कसं अडखळायचं (ही खास माझी कल्पना), सगळं बसवून घेतलं. जाई खूश, इथल्या पोरांसारखं शेपूट लावून म्हणाली, "ईझी लाह, बाबा! बुक बघायला पण नको!" हे ऐकून माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मला अभिमान वाटला.

चाचणीत जाईने झकास सुरुवात केली. ठरल्या शब्दापाशी अडखळली. काचेबाहेर मी फुगलो. तेवढ्यात मिस कोहनी हसून ते पुस्तक मिटलं आणि दुसरं पुढे ठेवलं, आगीच्या बंबाचं. जाईने त्यावर बोट ठेवलं आणि तितक्याच तन्मयतेने पाणमांजर पुढे चालू केलं. बंबाच्या चित्रावर पाणमांजराने मासा खाल्ला, नदीत उडी मारली, पिल्लांना झोपवलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग मला आत बोलावलं. "मिस्टर रुचिर, हर मेमरी इज व्हेरी गुड," एवढंच म्हणाल्या. यार्डात आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्या, पण इतकं कधी लागलं नव्हतं.

परतताना जाई म्हणाली, "सो आय स्टिल कॅनॉट रीड, राइट?" ताई, मला भर गाडीत रडू आलं. आता ती शनिवारी जायचंच नाही म्हणते. "आय ॲम स्टुपिड," म्हणते, आणि उत्कर्षा माझ्याकडे बघते. बरोबरच आहे, हे मीच करून ठेवलंय.

असो. भाऊजींना नमस्कार, आणि गोड कमी खा म्हणावं.

तुझा,
रुचिर

ता. क. शिकवणीच्या फॉर्मवर एक प्रश्न होता: घरात आणखी कुणाला वाचायला जड जायचं का? मी 'नाही'वर खूण केली. दहावीपर्यंत माझा एकेक धडा तू मोठ्याने वाचायचीस, मी ऐकून पाठ करायचो आणि वर्गात पुस्तक धरून म्हणून दाखवायचो, हे घरात तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. उत्कर्षालासुद्धा नाही. (आईला तर मी हुशार वाटायचो.)

ता. क. २. रविवारी व्हिडिओ कॉल कर आणि जाईला हे सगळं सांग. उत्कर्षालाही बसव. मी दोनदा तोंड उघडलं, जमलं नाही. एकदा गुरुजींनी भलताच धडा काढून दिला, मी पाठ केलेलाच म्हणत राहिलो आणि सगळा वर्ग मला हसला, तेही सांग. जाई माझ्याकडे बघेल तेव्हा मी 'हो' म्हणेन. तेवढं मला जमेल.