मुठ्याच्या आक्काचे वीस गुंठे

मी, कुशाबा भिकोबा शेडगे, वय ७४, निवृत्त भूकरमापक, राहणार नांदे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कोणी धाक घातला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतले नाही. पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलगी शुभांगी हिला. तिची आई गेल्यापासून ती दर रविवारी कोथरूडहून डबा घेऊन येते. भाजीत मीठ कमी घालते, तेवढी एक तक्रार आहे.

२. मोजणीची लोखंडी साखळी शैलेशला. तो कचेरीत माझ्या हाताखाली शिकला. आता मोजणी यंत्राने होते, तरी साखळीला वर्षातून दोनदा तेल द्यावे.

३. नांदे येथे वाटणीने माझ्या नावावर आलेली चाळीस गुंठे जमीन. पूर्वेकडील वीस गुंठे शुभांगीला. पश्चिमेकडील, रस्त्याला लागून असलेले वीस गुंठे श्रीमती सगुणाबाई धोंडू गोळे, वय ७९, राहणार मुठा, यांना. शुभांगीला हे मान्य आहे. इतरांसाठी खुलासा लिहितो.

निवृत्तीनंतर घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. जुन्या जन्मनोंदवहीत १९४६ सालची एक ओळ सापडली: बाप भिकोबा शेडगे, आई तानूबाई, कन्या. मुलीचे नाव लिहिलेले नव्हते. माझ्या आईचे नाव पार्वती. तानूबाई हे नाव आमच्या घरात मी कधी ऐकले नव्हते. थोरले बंधू अण्णासाहेब तेव्हा हयात होते. त्यांना विचारले, तर म्हणाले, "मेलेली मानसं उकरू नको." म्हणजे त्यांना माहीत होते. गावातल्या एका म्हातारीने सांगितले, की तानूबाई वडिलांची पहिली बायको. सहा महिन्यांची पोर घेऊन मुठ्याला माहेरी गेली, ती परत आली नाही.

तानूबाईच्या माहेरच्या आडनावाची मुठ्यात चौदा घरे. चौदा पत्रे टाकली, दोन उत्तरे आली. एकाने फोनवर सांगितले, "जमिनीचं काय आसंल तर वकिलाला पाठवा." दुसरे उत्तर सगुणाबाईंची नात दिशा हिचे: "आजीच्या मामांच्या घरी आलेलं पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणते, या."

गेलो. सगुणाबाई ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मी बोलण्याआधीच त्यांनी पदराला हात पुसला.

"कुटं उठवायचा ते सांगा."

"काय उठवायचं?"

"आंगठा. नांद्याच्या जमिनीला भाव आलाय म्हनं. हक्क सोडल्याचा कागुद आनला आसंल तुमी."

मी म्हणालो, कागद आणलेला नाही. तुम्ही भिकोबांच्या कन्या का, एवढेच विचारायला आलो.

"आई तसं सांगायची. माज्याकडं दाखला न्हाई." मग म्हणाल्या, "तुमाला काय आज पयल्यांदा बगत न्हाई मी. चौऱ्याऐंशी साली शेजारच्या शेताच्या मोजणीला आला हुता. तुमचं नाव पुकारलं तवा कळलं. पानी मीच दिलं हुतं."

"मग बोलला का नाहीत?"

"चार मानसांत काय बोलू? तुमी पानी पिऊन तांब्या दिला. म्हनलं, झालं."

मला ते पाणी आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला, आठवत नाही.

नंतर महिन्यातून एकदा जाऊ लागलो. अण्णासाहेबांचा मुलगा शेखर याने रक्ताची डीएनए तपासणी मागितली. "काका, उद्या कुनीबी यील आन भिकोबाची लेक हाय म्हनंल." मागणी रास्त होती. मी मुठ्याला जाऊन विचारले.

"रगत दीन की," त्या म्हणाल्या, "पन जुळलं न्हाई, तर तू येनार न्हाईस व्हय?"

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा 'तू' म्हटले. तपासणी केली नाही. तेव्हापासून मी त्यांना आक्का म्हणतो.

सबब आक्का माझी बहीण आहे हे मला शाबीत करता येत नाही. म्हणून हे वीस गुंठे मी वारसहक्काने नव्हे, माझ्या इच्छेने देत आहे. इच्छेला दाखला लागत नाही. शेखरने कोर्टात जाण्याआधी हे वाक्य आपल्या वकिलाला दाखवावे. आक्का माझ्याआधी गेल्यास ही जमीन दिशाला मिळावी.

४. शेखरला काही नाही. १९६८ साली वडील वारल्यावर अण्णासाहेबांनी वारसनोंदीत 'मयतास मुलगी नाही' असा जबाब दिला. आक्काचा तो वाटा शेखरकडे पोहोचला आहे. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो, मला कोणी विचारले नाही. पण पुढे त्याच नोंदीवर मीही वाटणी घेतली, तेव्हा दोष एकट्या अण्णांचा नाही.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शुभांगीने करावी.

६. वडील वारले तेव्हा मुठ्याला निरोप गेला नाही. आक्काला आठ दिवसांनी बाजारात कळले. ती तशीच नांद्याला आली, आणि अण्णांनी तिला दारातून परतवून लावले. माझ्या वेळी शुभांगीने पहिला फोन मुठ्याला करावा. वाट घाटाची आहे, गाडीला वेळ लागतो. लोक घाई करतील, शेखर जास्त करील. आक्का येईपर्यंत मला उचलू नये.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. खाडाखोड नाही. साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) कुशाबा भिकोबा शेडगे

साक्षीदार:
१. (सही) डॉ. दिग्विजय कंधारे, पौड
२. (सही) गेणबा साठे, नांदे

स्थळ: नांदे, ता. मुळशी
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५