अप्पा साक्षीला गेलेत

गोदावरी,

तुझे अप्पा पहिल्या बसनं धारवाडला कोर्टात गेलेत. तू नवऱ्यावर लावलेल्या पोटगीच्या दाव्यात आज त्यांची साक्ष आहे, पोटच्या पोराविरुद्ध, सुनेच्या बाजूनं. तुझी जबानी झालीय, म्हणून उठवलं नाही.

सदाशिव अंदमानात हत्तींवर मुकादम आहे, असं गल्लीभर त्यांनीच पसरवलं होतं. तो इथंच गोकुळ रोडला दुसरं बिऱ्हाड थाटून बसलाय, हे आज ते शपथेवर सांगतील. वकील म्हणाले, "अप्पा, तुमचे हत्ती कोर्टाबाहेर बांधून या."

आमटी झाकून ठेवलीय. निकाल लागला की अळणावरला भावाकडे खुशाल जा. अप्पा आपल्या गोष्टी भिंतीला सांगतील. ती मध्येच "अप्पा, खोटं" म्हणत हसणार नाही, तेवढंच.

अप्पा