कोऱ्या गटातला मी

४ मार्च
विद्यापीठातल्या संशोधिकेकडे बातमीसाठी गेलो आणि स्वतःच प्रयोगात सापडलो! संगीत शिकलेल्यांची स्मरणशक्ती बरी असते का, आणि त्यात बायका-पुरुषांत फरक पडतो का, असा विषय. जोडपी हवीत — एक शिकलेला, एक कोरा. आमची ही दोन वर्षं तबला शिकते आहे. फॉर्मवर मी ‘संगीत शिक्षण : नाही’ असं ठासून लिहिलं.

५ मार्च
ही लगेच तयार झाली. कारण सांगत नाही, पण मला ठाऊक आहे. सासूबाई शेवटची वर्षं आमच्याकडेच होत्या; हिचं नावसुद्धा विसरल्या होत्या. परवा स्वतःचा चष्मा फ्रीजमध्ये सापडल्यापासून हिचा रियाज दुप्पट झाला आहे. शेजारी मात्र काहीच विसरू शकत नाहीत.

९ मार्च
चाचणी. आकडे ऐकायचे आणि उलटे म्हणायचे. ही मध्येच अडखळली. मी धडाधड! “वाद्य कोणतं वाजवता?” संशोधिकेने विचारलं. “टाइपरायटर.”
बसमध्ये मी विजयी वीर. ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मग दोन वर्षं मी काय बडवत बसले होते?”
माझा विजय पुढच्याच थांब्यावर उतरला.

१० मार्च
तबला खोळीत. शेजारीण विचारून गेली — “वहिनींना बरं नाही का?”

१२ मार्च
दाढी करताना सहज फोन नंबर उलटा म्हणून पाहिला. गाल कापला. मान वर-खाली होत होती!
वेदपाठशाळेतली सवय. स्वर चढला की मान वर, उतरला की खाली; शब्द सुलटे, उलटे, पुन्हा सुलटे — सगळं बालपण त्यात गेलं, आणि सकाळच्या पूजेत अजूनही तेच चालतं. त्याला संगीत म्हटलं असतं तर गुरुजींनी कान उपटला असता, म्हणून फॉर्मवर ‘नाही’. कोरा म्हणे!

१३ मार्च
संशोधिकेपुढे कबुली. पोट धरून हसली आणि मला बाद केलं. “तुमच्या पत्नीचे आकडे वयाच्या मानाने छान आहेत. तुमच्याशी तुलनाच नको. — पाठशाळेत मुली किती होत्या?”
“एकही नाही.”
“मग फरक बाईपणाचा म्हणू की न शिकवल्याचा?” मी खोकलो. शास्त्रार्थात हा उपाय मान्य आहे.
घरी सगळं सांगितलं. ही माझ्या गालावरची पट्टी बघून इतकी हसली की तबल्याची खोळ निघेना.

१६ मार्च
“अहो, मला ते पाठ शिकवाल?”
“आणि तबला?”
“तो आहेच. पण आई मला विसरली होती ना, तेव्हाही तुम्ही सकाळी म्हणायला लागलात की पलीकडच्या खोलीत तिचे ओठ हलायचे. शब्दाला शब्द. तुम्हाला कधी सांगितलं नाही.”
सासूबाईंना कुणी शिकवलं होतं!
आज पहिला धडा झाला. मान वर, मान खाली. आवाज कापत होता तो माझा.