लागला त्याचा हात वर

१२ जानेवारी १९६४, रविवार

नऊ बंड्या झाल्या. दहावी माझ्यासाठीच. कापड उरलं, आणि कप्तानाला एक जास्त असली तर कोणाचं काय जातं? पण नाही. संघातला निवृत्ती लगेच म्हणालाच, "शेषरावभाऊ, तुमाले दोन आन् आम्हाले एक?" अरे, मशीन कोणाची? पाय कोणाचे दुखतात? फुकट शिवून दिल्या, त्याचं काही नाही.

किरमिजी पॉपलीन, पाठीवर पांढऱ्या मांजरपाटाचे आकडे. माझा एक. इंद्रभानचा नऊ, कारण तो संघात सगळ्यांत शेवटी आला. त्याला आणलं मीच, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा गावात कुजबुज झाली होती – त्या वस्तीतला पोरगा कशाला म्हणून. मी कोणाला भीक घातली नाही. आज धामणगावच्या आट्यापाट्या म्हटलं की आधी त्याचंच नाव निघतं.

कोकिळाने आज विचारलं, त्या आट्यापाट्यांत असतं तरी काय. तेरा वर्षं झाली लग्नाला! सांगितलं – जमिनीवर पांढऱ्या फक्कीने नऊ पाट्या आखलेल्या, प्रत्येक पाटीवर एक जण अडवायला उभा. त्याचा हात लागू न देता नऊही ओलांडायच्या आणि तसंच परत यायचं. आला परत, की लोण झालं.

"आन् हात लागला हे कोन सांगते?"

"ज्याला लागला तोच. हात वर करतो आणि बाहेर होतो. आमच्या वस्ताद पुंजाजीबुवांनी घालून दिलेली रीत आहे. दुसऱ्या कोणी बोलायचं नाही, आपल्याही नाही आणि समोरच्याही नाही. लागला त्याचा हात वर."

"आन् थ्यानं नाई केला त?"

असं धामणगावात होत नाही, म्हटलं. तर हसली. बायकांना खेळातलं काही सांगायला जाऊ नये.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सगळ्या गावाशी गोड बोललो. भगवानरावांशी बोलताना जरा जड गेलं, कारण सरपंच झाल्यापासून ते मला 'टेलर' म्हणतात.

१७ जानेवारी, शुक्रवार

उद्या निघायचं. तालुक्याला दोन दिवसांचे सामने, आठ संघ. जिंकेल त्याला ढाल, आणि जिल्ह्याला बुलढाण्याला खेळायचा मान. आमच्या गावाने आजवर काही जिंकलेलं नाही. कशातच नाही. मशीनच्या वरच्या भिंतीत मी खिळा मारून ठेवला आहे. ढाल पहिले आठ दिवस माझ्या दुकानात, मग चावडीत.

पुंजाजीबुवा म्हणाले, "तिथी पंच राह्यते, शिट्टी राह्यते. पन तुमी आपलाच खेळ खेळजा." हो म्हटलं. सत्तरी उलटली तरी माणूस रोज पटांगणावर येऊन बसतो, त्याला नाही कोण म्हणणार.

१८ जानेवारी, शनिवार

जिंकलो दोन्ही! आता उद्याचा शेवटचा तेवढा राहिला.

सकाळचा सामना सोपा गेला. दुपारी जेवणाला मात्र माझं डोकं फिरलं. वाढणाऱ्याने इंद्रभानची पत्रावळ भिंतीकडे वेगळी मांडली. काही बोलला नाही, नुसती मांडली, जसं काही जागाच नव्हती. मी माझी पत्रावळ उचलली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसलो. मग आमचे बाकीचे सातही उठून आले. इंद्रभान मान खाली घालून जेवला. मला म्हणाला, "भाऊ, काऊन तमाशा करता?" मी म्हटलं, आपण नऊ जण एक आहोत.

संध्याकाळचा सामना सोनाळ्याशी. माणसं दांडगी, आणि खोटारडी! शेवटची दोन मिनिटं उरली होती. मी नववी पाटी ओलांडून परत निघालेला, माझ्या मागे इंद्रभान. सातव्या पाटीवरचा त्यांचा गडी माझ्यावर झेपावला, घसरला, दोन्ही हात फक्कीत. उठला, पुन्हा झेपावला, आणि मी पुढे निघून गेल्यावर ओरडायला लागला – "लागला! लागला!" पंच दुसऱ्या टोकाला. त्याने मान हलवली, शिट्टी नाही. मी थांबलो नाही. का थांबावं? लोण झालं, वेळ संपली, आम्ही जिंकलो. तो गडी नंतर माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणतो, "दादा, तुमीच सांगा." मीच सांगू! पंच कशाला ठेवलाय मग? हरलं की माणसाला काहीही लागल्यासारखं वाटतं. थंडी होती, स्वेटर चढवलं आणि निघालो.

इंद्रभान गप्प होता. दमला असेल.

१९ जानेवारी, रविवार

लिहवत नाही.

सकाळीच एक गोष्ट खटकली होती. शाळेत उतरलो होतो तिथे इंद्रभान माझ्या पिशवीपाशी बसून कालची बंडी घडी करत होता. म्हणाला, "आज दुसरी घाला भाऊ, हे घामानं वली हाय." शिंप्याच्या कपड्यांना हा घडी घालणार! तीही उलटी. आकडा बाहेर राहील अशी घडी घालायची असते, आल्यागेल्याला दिसतो. याने पाठ आत घेतली आणि बंडी पिशवीच्या तळाशी ठेवली.

हरलो. आणि कोणामुळे हरलो ते लिहायलाही हात वळत नाही. उद्या लिहीन.

२० जानेवारी, सोमवार

आता लिहितो.

समोर तालुक्याचाच संघ. एक लोण केलं असतं तर ढाल आमची होती. एकच! इंद्रभान नऊही पाट्या वाऱ्यासारखा गेला, वळला, परत येताना सहा ओलांडल्या. तिघे जण उरले होते. तिसऱ्या पाटीवरच्या गड्याने हात टाकला. मी पाहत होतो, शपथ घेऊन सांगतो, नुसती बंडी हलली. तो गडी ओरडलासुद्धा नाही. पंच समोरच उभा, त्याने शिट्टी तोंडाला लावली नाही. लोक ओरडत होते, "पळ बे, पळ!" आणि हा शहाणा थांबला.

थांबला आणि हात वर केला.

पंचाला कळेना. त्याने विचारलं, "काय झालं?" हा म्हणतो, "लागला जी." पंच म्हणाला, मला तर दिसलं नाही. तर हा म्हणतो, "मले लागला." आणि चालत बाहेर आला, पाटलाच्या लग्नातून जेवून निघाल्यासारखा निवांत!

बंडी म्हणजे अंग नव्हे. हे मी कोणासमोरही सांगायला तयार आहे. पंधरा वर्षं कपडे शिवतो आहे. कपडा वाऱ्यानेही हलतो, मग वारा लागला म्हणून बाहेर व्हायचं का? आणि बाहेर व्हायचंच तर आपल्या पटांगणात हो, बाबा. तिथे ढाल नव्हती, जिल्हा नव्हता, दोन हजार माणूस नव्हतं. नऊ जणांनी दोन महिने घाम गाळला तो याच्या हात वर करण्यासाठी? मोठेपणा याचा, नाक कापलं गेलं गावाचं!

तालुक्याच्या लोकांनी त्याला शाबासकी दिली. देणारच. फुकटात ढाल मिळाली त्यांना.

परत येताना एस.टी.त इंद्रभान मागच्या बाकावर एकटा बसला होता. आठही जण पुढे. आदल्याच दिवशी याच्या शेजारी बसायला आम्ही पत्रावळी उचलल्या होत्या. त्याचं त्याला काही वाटू नये? त्याने माझ्याकडे दोनदा बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

२१ जानेवारी, मंगळवार

कोकिळा म्हणते, पिशवीतले कपडे द्या धुवायला. म्हटलं, राहू दे तिथंच, तोंड बघायचं नाही मला त्या बंड्यांचं. भिंतीतला खिळा उपटून काढला. चुन्याचा पोपडा निघाला, तो वेगळाच.

दुकानात दिवसभर एकच विषय. जो येतो तो विचारतो, "काऊन हो शेषराव, तुमच्या इंद्रभाननं हात काऊन केला?" माझा इंद्रभान! जिंकला असता तर गावाचा होता.

२२ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी पटांगणावर बैठक झाली. भगवानराव खुर्चीवर, बाकी सगळे खाली. एक जण म्हणाला की त्या वस्तीतला पोरगा घेतला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. मी त्यातला नाही. माझं म्हणणं खेळाबद्दल आहे, दुसरं काही नाही, आणि ते मी उभं राहून सांगितलं – ज्याला गावापेक्षा स्वतःचा मोठेपणा जास्त आहे त्याने एकट्याने खेळावं. संघात त्याचं काम नाही.

भगवानराव म्हणाले, "इंद्रभान, बोल बाबू."

तो उभा राहिला. "लागला होता, म्हून केला. दुसरं काय बोलू?"

मी म्हटलं, "कपड्याले लागला. अंगाले नाही."

"कपडा तुमीच शिवला भाऊ. अंगाबरोबर शिवला." लोक हसले. मला राग आला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, हसत नव्हता, आणि हळू विचारलं, "तुमाले लागला असता त तुमी नसता केला काय?"

"केला असता!" मी म्हटलं. "पण मले अजून कोणाचा हात लागला नाही. वीस वर्षं खेळून राह्यलो."

तो "मंग बरं हाय" एवढंच म्हणून खाली बसला. असा उद्धटपणा! दुसरा असता तर निदान माफी मागितली असती.

भगवानराव म्हणाले, संघातल्या ज्यांना याला काढायचं असेल त्यांनी हात वर करा. आठ हात वर झाले. सगळ्यांत आधी माझा. पुंजाजीबुवा काठी टेकत उठले आणि म्हणाले, "म्या तुमाले खेळ शिकवला होता, शिट्टी नाही शिकवली." आणि निघून गेले. म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

इंद्रभानने नऊ नंबरची बंडी आणली होती, धुऊन, कडक घडी करून. आकडा बाहेर. माझ्या हातात दिली. याला नीट घडी घालता येते तर!

२३ जानेवारी, गुरुवार

सराव पाच वाजता ठेवला होता. आठच जण. त्यातले चौघे आले. पुंजाजीबुवांची जागा रिकामी. सगळे रुसले आहेत, आणि रुसायचं कोणी, तर ज्यांनी हात वर केले त्यांनी!

निवृत्ती खेळताना हात लागूनही पुढे पळाला. मी पाहिलं. मी बोललो नाही.

आकडा बाहेर ठेवून घडी घालता येते, तर रविवारी त्याने माझी बंडी तशी का ठेवली?

२४ जानेवारी, शुक्रवार

कोकिळाने आज न विचारताच पिशवी रिकामी केली. तळाची बंडी काढली, घडी मोडली, दारात उजेडाला धरली आणि म्हणाली, "पाठीवर हा कोनाचा हात उमटला हो? फक्की हाय. झटकून निंगत नाही."

एक आकड्याच्या शेजारी चार बोटं आणि अंगठा. सोनाळ्याच्या त्या गड्याचा अख्खा पंजा. माझ्या मागे इंद्रभान होता. त्याने पाहिलं, आणि आमच्या रीतीप्रमाणे बोलला नाही. बुधवारीसुद्धा बोलला नाही.

आणि मला आज कळलं असंही नाही. शनिवारीच कळलं होतं. पाठीला कळतं.

धुऊ दिली नाही. तशीच अंगात घातली आहे. त्याच्या घरी जायचं तर अख्ख्या गावातून जावं लागतं, आणि पाठ सगळ्यांना दिसणार. दिसू दे.