डाव्या बाजूचं वजन

अहो,

मायना काय लिहायचा, यावर सकाळपासून अडून बसले होते. बाळंतपणाला माहेरी गेले तेव्हा तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं, त्यात वडीलधाऱ्यांच्या धाकानं ‘तीर्थस्वरूप’ घातलं होतं. उत्तरात काय लिहिलंत, आठवतं? ‘मला अजून पस्तिशीसुद्धा लागली नाही, इतक्यात माझं तीर्थ करू नकोस.’ म्हणून आता नुसतं ‘अहो’. आयुष्यभर तेवढ्यावरच तर भागलं!

दिवाळी झाली नि तुम्ही गेलात. आता वैशाख लागलाय. इतक्या दिवसांत पत्र लिहावं असं काही मनात आलं नाही. बोलावंसं वाटलं की तुमच्या आरामखुर्चीशी बोलते. ती उलट बोलत नाही, एवढाच तिच्यात नि तुमच्यात फरक. पण परवा बाहेरच्या खोलीतल्या खिडकीची चौकट मी खोलली आणि तिच्यातून जे निघालं, ते जगात दुसऱ्या कुणाला सांगता येण्यासारखं नाही. म्हणून हे लिहितेय. क्रमानं सांगते, मध्येच ‘मुद्द्यावर ये’ म्हणू नका.

सगळ्या अंधेरीत लोकांच्या खिडक्यांना दोन झडपं असतात, ढकलली की उघडली. आपल्याच मेल्या वरखाली सरकणाऱ्या! घर बांधणाऱ्याला विलायतेची हौस, आणि भाड्यानं घेणाऱ्याला खिडक्यांची. घर दाखवायला मला आणलंत तेव्हा मोरी दाखवायच्या आधी खिडकी दाखवलीत. नकाशे काढणारा माणूस! ‘हे बघ, काचेच्या तावदानाला दोन्ही बाजूंनी दोऱ्या. दोऱ्या कप्पीवरून चौकटीच्या पोकळीत जातात आणि तिथं वजनं टांगलेली असतात. तावदान वर गेलं की वजन खाली, तावदान खाली आलं की वजन वर. एका बोटानं उघडते.’ मी म्हटलं, ‘आणि पाणी कितीला येतं?’

मग दरवर्षी चैत्र सरता सरता तुमचा तो सोहळा. पट्ट्या उचकटायच्या, तावदानं उतरवायची, काचेभोवतीची खडू-तेलाची सुटलेली लांबी खरवडून नवी भरायची, लाकडाला जवसाचं बेलतेल पाजायचं, खाचांत मेणबत्ती घासायची. चार दिवस आमटीलासुद्धा बेलतेलाचा वास! आणि माझं काम एकच. ‘धर गं.’ तावदान छातीशी धरून मी उभी, आणि तुम्ही तोंडात खिळे धरून काहीतरी सांगताय, त्यातलं अक्षर कळत नाहीये.

या खिडकीची डावी बाजू मात्र तुम्ही मला कधी धरू दिली नाहीत. उजवीकडची दोरी झाली की तावदान खुर्चीवर टेकवायचं आणि म्हणायचं, ‘डावीकडचं मी बघतो. तू चहा टाक.’ चहा घेऊन यावं तर तुमचं म्हणणं, ‘अजून नाही.’ तो चहा मला परत परत गरम करावा लागायचा. मी चिडायची. एवढी एक दोरी बदलायला माणसाला लागतो किती वेळ?

आणि ते तुमचं ‘हळू’! सकाळी मी खिडकी वर सरकवायला गेले की दाढीच्या साबणातून, ‘हळू गं.’ संध्याकाळी लावायला गेले की वर्तमानपत्रामागून, ‘हळू.’ बाकीच्या खिडक्या कशाही आपटा, तुम्ही हूं की चूं करत नव्हतात. हिलाच जपणं. मला वाटायचं, माणसाला काचेची काळजी आहे, बायकोच्या हाताची नाही.

तुम्ही गेल्यावर मी ती खिडकी धाडकन उघडायला लागले. खरं सांगते, मुद्दाम. रोज सकाळी धाडकन वर, संध्याकाळी धाडकन खाली, आणि मग उभी राहून ऐकायचं. कुणी ‘हळू’ म्हणत नाही. एकटं असणं म्हणजे काय, ते मला त्या खिडकीपाशी कळलं. सुतकाला आलेली माणसं गेल्यावर कळलं नव्हतं, अर्धी बाटली दूध घेताना कळलं नव्हतं.

किती दिवस सोसणार ती दोरी? पंधरा दिवसांमागे तुटली. डावीकडची. तावदान तिरकं होऊन अडकलं आणि चौकटीच्या आत काहीतरी पडलं. धप्प. मला जरा नवल वाटलं. दुसऱ्या खिडकीची दोरी मागे तुटली होती तेव्हा लोखंड कसं ठणकन वाजलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी भाऊजी आले घाटकोपरहून. तुमचा भाऊ माझं सगळं करतो हो, येताना भाजी आणतो, पण त्याच्या तोंडाला विसावा नाही. खिडकीकडे बघून म्हणाले, “काय हो वहिनी हा अवतार! पावसाच्या आत ही ब्याद काढून टाकू. साधी दोन झडपं बसवू, कडी लावली की काम झालं.”

“यांनी इतकी वर्षं सांभाळली ती.”

“दादा होता तोवर ठीक होतं ना! आता कोण करणार? आमचा मोरू ट्रॉम्बेला लागलाय, तिकडे अणू फोडायला निघालेत लोक, आणि तुम्ही दोऱ्या नि कप्प्या घेऊन बसलाय! मालकांशी मी बोलतो. पुढच्या सोमवारी सुतार घेऊनच येतो.”

“आणि तोवर मी चालू करून दाखवली तर?”

भाऊजी हसले. “दाखवा. सुताराला चहा पाजून परत पाठवीन.”

तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. ते हसले नसते तर कदाचित मी हो म्हटलं असतं.

परवा शनिवारी सकाळी पदर खोचला आणि तुमची हत्यारांची पेटी काढली. दोरीचं नवं बंडल त्यात होतंच, गेल्या वर्षी आणून ठेवलेलं. पटाशीनं पट्ट्या काढल्या. एक मोडली, रागावू नका. पण तावदान उतरवायची वेळ आली आणि तोंडातून निघून गेलं, ‘धरा हो.’ कोण धरणार? शेवटी तुमची आरामखुर्ची ओढत आणली आणि तिच्या हातांवर ते टेकवलं. म्हटलं, बसल्या जागी एवढं तरी करा!

चौकटीच्या कडेला वजनापर्यंत हात जावा म्हणून लाकडी झाकण असतं, ते मला माहीत होतं. उजवीकडचं वीतभर आहे. डावीकडचं बघते तर हातभर! तुम्हीच कापून वाढवलेलं. का, ते कळेना. स्क्रू काढला, झाकण काढलं, आत हात घातला. गार लोखंड हाताला लागेल असं वाटलं होतं. हाताला कापड लागलं.

तुमचा पंचा. गेल्या वर्षी मी घरभर शोधला होता तोच. त्याच्याभोवती दोरीचं शिंकं विणलेलं, गाठी तुमच्याच, दोनदा पीळ दिलेल्या. जड होतं. शिंकं सोडलं, पंचा उलगडला. आत लाल खणाची कुंची होती, आणि कुंचीत माझ्या आईचा वरवंटा.

मी खालीच बसले. ओरडले असेन, कारण खिडकीखालून जाणारी वेसाव्याची कोळीण टोपली घेऊन थांबली. “काय झायलं गो बाय?”

“काही नाही गं. बोट चेमटलं.”

दुसरं काय सांगणार होते तिला? आपल्याला एक मुलगी होती, हे या आळीत आता कुणाला माहीत आहे?

लग्नाला दहा-बारा वर्षं झाल्यावर झालेली आपली कुमुद! तुम्ही बारशाला दोन दिवस रजा काढून आलात. हाच वरवंटा आईनं धुऊन पुसून कुंची घालून पाळण्यात तिच्या शेजारी ठेवला होता, पोर दगडासारखी टणक व्हावी म्हणून. बायका पाळण्याच्या वरून तो एकमेकींना देत होत्या, खालून घेत होत्या, देवांची नावं घेत होत्या, आणि तुम्ही दाराशी उभे राहून विचारलंत, ‘यातली आमची कोणती?’ सगळ्या किती हसल्या! निघताना आईनं तो माझ्या सामानात घातला. म्हणाली, त्याच्या जोडीनं वाढू दे.

पाच महिने. त्या पाच महिन्यांत तुम्ही मला ‘अगं’ म्हणायचं सोडून दिलं होतं. ‘कुमुदची आई, टॉवेल.’ ‘कुमुदची आई, येतो.’ मग तो ताप आला. त्यावर काही लिहीत नाही, तुम्ही होतातच.

पोर गेली आणि दगड राहिला. त्याला कुंची घालून मी मांडीवर घेऊन बसायची, दिवसचे दिवस. वाटणाला त्याला हात लावू दिला नाही, तुम्ही दुसरा आणलात. जेवण नको, वेणीफणी नको. लढाईचे दिवस होते, बाहेर माणसं काय काय सोसत होती, मला काही दिसत नव्हतं. वर्ष होत आलं असेल. एक दिवस तुम्ही ऑफिसातून लवकर आलात. मी विहिरीवर गेले होते. परत आले तर तो जागेवर नाही.

‘कुठाय?’

‘नीट ठेवलाय.’

‘कुठे?’

‘नीट आहे म्हटलं ना.’

मी समजले, वेसाव्याला जाऊन समुद्रात सोडलात. पुन्हा विचारलं नाही. त्या दिवसापासून आपल्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही, ना तुम्ही, ना मी. त्याच सुमाराला तुम्ही एकदा म्हणाला होतात, ‘या खिडकीच्या डाव्या बाजूचं वजन गेलंय, लोखंड कुठे मिळेना, पण जमवलं काहीतरी.’ मला काय त्याचं? मी ऐकलंही नाही नीट.

अहो, खरंच नीट ठेवला होतात हो!

पण सांगायला काय झालं होतं? एवढ्या वर्षांत एकदा? मी मनातून तुमच्यावर रुसलेली होते, हे तुम्हाला दिसत नव्हतं असं मी मानणार नाही. आणि दरवर्षी मला चहाला पिटाळून तुम्ही ते झाकण काढत होतात, तो बाहेर घेत होतात, कापड बदलत होतात. चहा गार होत होता आणि तुम्ही इथे, या फरशीवर... रडत होतात का हो? एकटेच? मला हाक मारली असतीत तर मी काय नाही म्हणाले असते? स्वयंपाकघर ते ही खोली, अंतर तरी किती! तुम्ही इकडे आणि मी तिकडे.

याचा मला फार राग आला. अजून आहे.

मग पुढे काय केलं, ते सांगते. दुपारभर त्याला मांडीवर घेऊन बसले. कुंचीची जर काळी पडलीय, पण खण शाबूत आहे. मनात आलं, आता कशाला परत आत ठेवायचा? लोखंड आता कुठेही मिळतं. सुताराला करू देत त्याची झडपं, हा राहू दे माझ्यापाशी. एवढ्या मोठ्या घरात मला दुसरं आहे कोण?

उन्हं उतरली तेव्हा बघितलं, चुलीवर दूध ठेवायचं राहून नासलं होतं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आणि एकदम ध्यानात आलं, त्या वर्षी मी अश्शीच बसलेली असायची. हेच बघत तुम्ही रोज संध्याकाळी दारातून आत येत होतात. तुम्हाला तो माझ्यापासून तोडायचा नव्हता. मांडीवरून मात्र उठवायचा होता.

मी उठले. भात टाकला, जेवले. काल सकाळी कुंची झटकून त्याला परत घातली, पंचा गुंडाळला, शिंकं बांधलं. तुमच्यासारखा दोनदा पीळ दिला. नवी दोरी कप्पीवरून आत जाईना, तेव्हा तुमची युक्ती आठवली, सुतळीला खिळा बांधून आधी तो आत सोडायचा आणि सुतळीमागून दोरी ओढून घ्यायची. दोनदा अडकला, तिसऱ्यांदा उतरला. खाचांत मेणबत्ती घासली. तावदान खुर्चीवरून उचलताना कंबरेची वाट लागली, पण बसवलं.

आज भाऊजी सुताराला घेऊन आले. मी एक बोट लावलं आणि खिडकी वर गेली.

भाऊजी वाकून बघायला लागले. “झकास! वहिनी, हे तुम्ही केलंत? डावीकडे वजन काय घातलंत? लोखंड कुठून आणलंत?”

“यांनीच ठेवलं होतं,” म्हटलं. “नीट.”

सुतार चहा पिऊन गेला. तो येणार नसता तर मी चौकट खोलली नसती, आणि मी ती आधी खोलली नसती तर आज त्यानं ती उचकटून दगड म्हणून वरवंटा अंगणात भिरकावला असता.

आता तिन्हीसांजा होतायत. हे लिहून झालं की मी खिडकी लावीन. सकाळी ती उघडली तेव्हा वरवंटा आत खाली उतरला असेल, आता वर येईल. बारशाला बायका वरून द्यायच्या, खालून घ्यायच्या तसाच. इतकी वर्षं रोज दोनदा मी तो घेत होते नि देत होते आणि मला पत्ताच नाही! तुम्हाला होता. तुम्ही दाढीच्या साबणातून बघत होतात.

तर शब्द देते. दर चैत्रात मी ही खिडकी उतरवीन. हातपाय चालतायत तोवर दुसऱ्या कुणाला डाव्या बाजूला हात लावू देणार नाही. चहाचं आधण मात्र अगोदर ठेवणार नाही, मला तिथे जितका वेळ बसायचंय तितका बसेन. आणि सकाळ-संध्याकाळ, तुम्ही म्हणा अगर न म्हणा, हळू उघडीन, हळू लावीन.

तुमची,
कुमुदची आई